कलर ब्लाइंड पाहुण्यांसाठी बाग, म्युझियम आणि गरब्याचं मैदान कसं तयार करायचं

बडोद्यात आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना गाव दाखवायचं काम माझ्याकडे येतं. कमाटीबाग, म्युझियम, कीर्तिमंदिर, तांबेकरवाडा, राजवाडा, आणि एखादा दिवस हाताशी असला तर चांपानेर-पावागड. हल्ली शाळेचे आणि सोसायटीचे ग्रुपही घेऊन जाते. माझा सख्खा भाऊ कलर ब्लाइंड आहे आणि बहिणीचा मुलगाही, त्यामुळे कुठेही गेलं की माझं लक्ष आधी बोर्डांकडे जातं. रॅम्प आहे का, बसायला बाकडं आहे का हे लोक आता बघायला लागलेत, पण नकाशातला लाल रस्ता आणि हिरवा रस्ता ज्याला एकसारखाच दिसतो त्याने कुठे जायचं हे कोणी विचारत नाही. म्हणून हे लिहितेय, बाग, म्युझियम, ट्रस्ट, मंडळ, जत्रा, गरबा असं काहीही चालवणाऱ्यांसाठी आणि गाइड म्हणून फिरणाऱ्या सगळ्यांसाठी. यातलं निम्म्याहून जास्त काम रेडियमवाल्याकडे आणि झेरॉक्सच्या दुकानात होतं, त्याला मोठं बजेट लागत नाही.

आधी यांना काय दिसतं ते समजून घ्या

कलर ब्लाइंड म्हणजे सगळं काळं-पांढरं दिसतं असा समज आहे, पण तसं दिसणारे फारच थोडे. बहुतेकांना रंग दिसतात, फक्त काही रंग एकमेकांत मिसळतात. डोळ्याच्या पडद्यावर रंगांसाठी तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात, त्यातल्या लाल बाजूच्या किंवा हिरव्या बाजूच्या पेशी एकतर नसतात किंवा जरा वेगळ्या चालतात. या दोन्हींची जनुकं एक्स गुणसूत्रावर, मुलग्याला एक्स एकच आणि तो आईकडून आलेला, म्हणून हे आईच्या बाजूने उतरतं आणि घराघरात मामा-भाच्याची जोडी सापडते, आमच्याकडे आहे तशीच. मुलींना दोन एक्स असतात, एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो, त्यामुळे बायकांमध्ये हे खूप कमी. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण १२ पुरुषांमागे १ आणि २०० बायकांमागे १ असं प्रमाण धरतात. आपल्या आशियात ते त्याहून कमी आढळतं, तरी शाळेच्या सहलीच्या दोन-तीन बस आल्या की त्यात एखाद-दोन मुलं असतातच, आणि कित्येकदा त्या मुलांना स्वतःलाही ते माहीत नसतं, ती फक्त गप्प राहून बाकीच्यांच्या मागे चालत राहतात.

ज्यांची लाल बाजू कच्ची असते त्यांना लाल रंग गडद दिसतो, कधी कधी जवळजवळ काळाच. हिरव्या बाजूची अडचण सगळ्यात कॉमन, त्यांचा हिरवा, तपकिरी आणि नारंगी यांच्यात गोंधळ होतो. दोघांनाही निळा-जांभळा वेगळा करायला जड जातं, गुलाबी-राखाडी पण. निळ्या-पिवळ्याचा तिसरा प्रकार क्वचित सापडतो, पण वय वाढलं की डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळ्याच्या छटा सगळ्यांनाच नीट कळेनाशा होतात, त्यामुळे तुम्ही जे काही कराल त्याचा उपयोग आजी-आजोबांनाही होणार आहे.

शाळेत अणुसिद्धांत शिकताना जो जॉन डाल्टन भेटतो ना, तो स्वतः असा होता. १७९४ मध्ये त्याने स्वतःच्या या दिसण्यावर मँचेस्टरला निबंध वाचला. डोळ्यातला द्रव निळसर असावा म्हणून असं होतं अशी त्याची कल्पना होती आणि मेल्यानंतर डोळे तपासायला सांगून गेला. द्रव अगदी स्वच्छ निघाला. पण ते डोळे जपून ठेवले होते आणि १९९५ मध्ये त्यातल्या डीएनएवरून कळलं की त्याच्याकडे हिरव्या बाजूचं रंगद्रव्यच नव्हतं. हे मी शाळेच्या ग्रुपला हमखास सांगते, कारण वर्गातल्या एखाद्या गप्प मुलाचा चेहरा त्या वेळी खुलतो.

रंग काढायचे नाहीत

हे सगळ्यात महत्त्वाचं. कलर ब्लाइंड लोकांसाठी सोय करायची म्हटलं की काही जण लगेच सगळं राखाडी-पांढरं करायला निघतात. अजिबात नको. माझ्या भाच्याला रंग आवडतात, कुठली वस्तू कुठल्या रंगाची आहे हे त्याला जाणूनही घ्यायचं असतं. करायचं एवढंच की जिथे जिथे रंग काही सांगतोय, तिथे तीच गोष्ट आणखी एका खुणेने सांगा. अक्षर, आकडा, आकार, चित्र, रेघेचा प्रकार, जागा, काहीही चालेल. रंग एकटा सोडायचा नाही. बाकी जे मी खाली लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीचं आहे.

झेरॉक्स टेस्ट

तुमचा नकाशा, तिकिटं, पास, सूचनांचे कागद, जे जे छापलेलं आहे ते घ्या आणि जवळच्या दुकानात जाऊन साधी काळी-पांढरी झेरॉक्स काढा. मग ती झेरॉक्स अशा माणसाच्या हातात द्या ज्याने मूळ कागद बघितलेलाच नाही, आणि त्याला विचारा, टॉयलेट कुठे, बाहेर जायचा रस्ता कुठला, हा पास कुठल्या दिवसाचा. जिथे तो अडेल तिथे तुमचा कागद फक्त रंगावर उभा आहे असं समजा. मूळ कागद तुम्ही बघितलेला असल्यामुळे ही टेस्ट तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी करू नका, तुम्हाला सगळं आधीच पाठ असतं.

जे कागदावर नाही, म्हणजे बोर्ड, गेट, दिवे, त्यांच्यासाठी मोबाइल. फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये स्क्रीन काळी-पांढरी करायची सोय असते, आयफोनमध्ये कलर फिल्टर म्हणून आणि अँड्रॉइडमध्ये कलर करेक्शनच्या आसपास. ती चालू करायची, कॅमेरा उघडायचा आणि गेटपासून शेवटच्या बाकड्यापर्यंत चालत जायचं. अँड्रॉइडवाल्यांना डेव्हलपर ऑप्शनमध्ये लाल किंवा हिरव्या बाजूची अडचण असलेल्या माणसाला साधारण कसं दिसेल हे दाखवणारा पर्यायही मिळतो. हे सगळं अंदाजापुरतं आहे, प्रत्येकाचं दिसणं वेगळं असतं, पण ठळक चुका यातच सापडतात. एक लक्षात ठेवा, काळ्या-पांढऱ्यात पास झालेली वस्तू जवळजवळ सगळ्यांनाच चालते, त्यामुळे घाई असेल तर तेवढीच टेस्ट करा.

नकाशा

एका ठिकाणी गेटवर मोठा नकाशा होता, हिरव्या बागेवर तीन चालायचे रस्ते काढलेले, एक लाल, एक तपकिरी, एक गडद हिरवा, आणि खाली कोपऱ्यात तीन चौकोन, लाल म्हणजे छोटा फेरा, तपकिरी म्हणजे मोठा, हिरवा म्हणजे फुलांचा. भाचा त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि मग हळूच म्हणाला, मावशी, यात रस्ता कुठे आहे? त्याला रस्ते वेगवेगळे दिसत नव्हते हे तर झालंच, पण लाल रस्ता हिरव्या बागेवर आहे हेच दिसत नव्हतं. नकाशा काढणाऱ्याने तीन अगदी वेगळे रंग निवडले होते, त्याच्या दृष्टीने काम चोख होतं.

असा नकाशा सुधारायचा कसा? पहिलं, रस्त्याचं नाव रस्त्यावरच लिहा, कोपऱ्यातल्या चौकोनात नको. रंगाच्या चौकोनाकडे बघायचं आणि तोच रंग नकाशात शोधायचा, हेच काम यांना जमत नाही. दुसरं, रेघा वेगळ्या करा, एक सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची. तिसरं, रेघेला दोन्ही बाजूंनी बारीक पांढरी किनार द्या म्हणजे खालचा रंग कुठलाही असो, रेघ सुटून दिसते. आणि आपल्या गावासाठी माझं स्वतःचं मत असं की रस्त्यांना ए-बी-सी पेक्षा चित्रं द्या. इथे गुजराती वाचणारे आहेत, मराठी, हिंदी, इंग्रजी वाचणारे आहेत, आणि न वाचणारी लहान मुलंही आहेत. मोराचा रस्ता, हत्तीचा रस्ता, मगरीचा रस्ता. मगरींनी भरलेल्या विश्वामित्री नदीच्या गावात मगर कोणाला समजावून सांगावी लागत नाही. तेच चित्र नकाशावर, तेच वळणावरच्या खांबावर, तेच बाकड्यावर.

पोर्तुगालमध्ये मिगेल नेइवा नावाच्या डिझायनरने प्रत्येक रंगासाठी एक छोटी खूण अशी एक पद्धत काढली आहे, पोर्तोच्या मेट्रोत ती वापरतात. कल्पना सुंदर आहे, पण ती आधी शिकावी लागते, आणि आपल्याकडे दोन तासांसाठी बागेत आलेला माणूस ती शिकणार कधी. जिथे रोज तीच माणसं येतात, शाळा, ऑफिस, तिथे जरूर करा. फिरायच्या ठिकाणी मोर-हत्ती बरे.

नवीन नकाशा करून घेणार असाल तर रंगही नीट निवडता येतात. जपानच्या ओकाबे आणि इतो या दोघांनी आठ रंगांचा एक संच सुचवलाय, काळा, नारंगी, आकाशी, निळसर हिरवा, पिवळा, निळा, शेंदरी आणि लालसर जांभळा, ठरावीक छटांमध्ये. डिझायनरला ओकाबे-इतो एवढं सांगितलं तर त्याला नेटवर आकडे मिळतात. त्यातही सगळे आठ वापरायचा हट्ट नको, चारात भागतं.

बोर्ड

हिरव्या बोर्डावर लाल अक्षरं. हे कॉम्बिनेशन आपल्याकडे का इतकं आवडतं देव जाणे, पण फुलं तोडू नये, पाण्यात उतरू नये, अशा सगळ्या महत्त्वाच्या सूचना नेमक्या याच रंगात असतात. माझ्या भावाला असा बोर्ड म्हणजे नुसतं हिरवट-तपकिरी पत्र्याचं फळकुट, त्यावर काही लिहिलंय हेच जवळ जाईपर्यंत कळत नाही. काळ्यावर लाल तितकंच वाईट. जिवाशी खेळ असेल तिथे, मगरीचा बोर्ड, खोल पाण्याचा, विजेच्या डबीचा, तिथे पिवळ्यावर काळं किंवा गडद निळ्यावर पांढरं, आणि सोबत चित्र. मगरीचं चित्र, बुडणाऱ्या माणसाचं चित्र. लाल रंग आवडतच असेल तर बाहेरून जाड लाल चौकट करा, आत पांढऱ्यावर काळी अक्षरं.

वेबसाइटवाले अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला फरक आकड्यात मोजतात, साध्या मजकुराला कमीत कमी ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १ असा नियम आहे. फुकट वेबसाइटवर दोन रंगांचे नंबर टाकले की गुणोत्तर येतं. बोर्डांसाठी पण तोच मापदंड वापरायला काय हरकत आहे, फ्लेक्सवाल्याकडे रंगांचे नंबर असतातच.

अग्निशामक सिलिंडर लाल असतो आणि तो बहुतेक लाकडी पॅनेलवर किंवा झुडपांच्या मागे टांगलेला असतो. रंगावरून तो सापडणार नाही, म्हणून त्याच्या वर डोक्याच्या उंचीच्याही वर पांढरा चौकोन आणि त्यात सिलिंडरचं चित्र. जिन्यावर लाल गालिचा असेल तर प्रत्येक पायरीच्या कडेला फिकट पिवळी पट्टी मारा, नाहीतर गडद लाल पायऱ्या एकात एक मिसळून सपाट दिसतात. टॉयलेटच्या कडीवर लाल-हिरवं फिरणारं चाक असतं, तिथे आत कुणी आहे, रिकामं आहे असं लिहा. तिकिटाच्या गेटवर लाल-हिरवा दिवा लागत असेल तर बाणाची आणि फुलीची रेडियम पट्टी लावून टाका. ऑडिओ गाइडच्या डबीवर चार्ज झालं की तोच एक दिवा लालचा हिरवा होतो, यांना तो बदलल्याचं कळतच नाही, तिथे चार्ज झालेल्या डब्या वेगळ्या खणात ठेवायच्या आणि खणाला नाव द्यायचं, संपलं काम.

गाइडने बोलायचं कसं

मला स्वतःला हा भाग सगळ्यात जवळचा, कारण याला एक पैसा लागत नाही.

आपण चित्रासमोर उभे राहतो आणि म्हणतो, ती लाल साडीवाली बघा, तिच्या शेजारी हिरव्या शालूतली. पंधरा माणसं मान हलवतात आणि एक जण अंदाजाने कुठेतरी बघत उभा राहतो. त्याऐवजी आधी जागा सांगा, मग हातात काय आहे ते, मग रंग. डावीकडे खाली बसलेली, मांडीवर वीणा, साडी लाल. रंग गाळायचा नाही, शेवटी सांगायचा. फतेहसिंह म्युझियममध्ये सयाजीराव महाराजांनी करून घेतलेली राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, त्यात साड्यांचे काठ, दागिने, कापडाची चमक हेच अर्धं चित्र असतं, तिथे रंगाचं नाव ऐकायला मिळालं तर कलर ब्लाइंड माणसाला चित्र जास्त मिळतं. माझा भाऊ तर मुद्दाम विचारतो, हा कुठला रंग, आणि मग स्वतःला दिसतोय त्याच्याशी ताडून बघतो.

कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत, गंगावतरण, मीरा, महाभारताचं युद्ध, नटीर पूजा. भिंतभर माणसं. तिथे मी घड्याळाचे काटे वापरते, दहाच्या जागी बघा, चारच्या जागी बघा, सगळ्यांना एकदम सापडतं. तांबेकरवाड्यात खोलीच्या भिंतीवर चित्रांच्या चौकटींमागून चौकटी आहेत, खोल्या लहान आणि उजेड बेताचा, तिथे ओळ आणि खण सांगायचा, वरून दुसरी ओळ, खिडकीपासून तिसरा खण. बडोद्याच्या जुन्या म्युझियममध्ये अकोट्याच्या जैन ब्राँझ मूर्ती आहेत, जुन्या ब्राँझवर हिरवट गंज चढतो तो तपकिरी धातूवर या लोकांना फारसा वेगळा दिसत नाही, म्हणून बोटाने हवेत दाखवून सांगायचं की इथून इथपर्यंत गंज आहे, पृष्ठभाग खडबडीत झालाय बघा. खडबडीत म्हटलं की दिसतं.

आणि एक गोष्ट करायची नाही. एखाद्याने सांगितलं की मी कलर ब्लाइंड आहे, तर लगेच त्याची परीक्षा घ्यायची नाही. हा शर्ट कुठल्या रंगाचा? बरं, हा? माझा भाऊ लहानपणापासून हे झेलतोय, नातेवाइकांपासून मास्तरांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. दहा माणसांसमोर तो हसून उत्तर देतो, पण पुढच्या वेळी तो सांगतच नाही, आणि मग तुम्हाला कळायचा मार्गच बंद. ग्रुप सुरू करताना सगळ्यांना एकदम सांगून टाका, कुणाला रंगांनी दाखवलेलं कळायला अडचण असेल तर मी जागा सांगूनच बोलणार आहे, काळजी नको. कुणाला हात वर करायला लावू नका.

प्राणिसंग्रहालयात तर हे फारच लागू. ते बघ हिरव्या पानांत लाल चोचीचा पोपट! त्या मुलाला पानं, पोपट, चोच सगळं एकाच कुळातलं दिसतंय. फांदी दुभंगते तिथून वर, शेपटी खाली लोंबतेय, असं सांगा. याची दुसरी बाजूही आहे, रंगाने लपवलेल्या गोष्टी काही वेळा हीच माणसं आधी ओळखतात, प्रयोगांतही तसं आढळलंय, कारण रंगाच्या ठिपक्यांनी त्यांचा डोळा भुलत नाही, आकारावर राहतो. पानांत बसलेला सरडा भाच्याला माझ्या आधी दिसतो. मुलांना हे सांगाच.

तारांगणात अंधार असतो आणि बोलणारा लेझरने दाखवत असतो. लाल लेझरचा ठिपका लाल बाजूची अडचण असलेल्यांना अगदी मंद दिसतो, मोठ्या घुमटावर तर हरवतोच. हिरवा लेझर सगळ्यांना जास्त उजळ दिसतो, तो वापरा. मृग नक्षत्रातला काक्षी तारा तांबूस आणि राजन्य तारा निळसर हे जरूर सांगा, पण काक्षी कुठल्या खांद्याशी आणि राजन्य कुठल्या पायाशी हे आधी सांगा.

उजेड

कमी उजेडात रंग ओळखणं सगळ्यांनाच कठीण, यांना दुप्पट. म्युझियमचा नाइलाज असतो, जलरंग आणि जुनी कापडं यांच्यावर ५० लक्सच्या आसपासच प्रकाश ठेवतात, नाहीतर रंग उडतात. पण चित्राशेजारच्या माहितीच्या पट्टीला तो नियम लागू नाही. पट्टी वेगळी उजळवा, अक्षरं काळी, मागे पांढरं किंवा फिकट. बल्ब घेताना सीआरआय, म्हणजे त्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वरचा मागा, पिवळट स्वस्त बल्बखाली जे रंग आधीच जवळचे आहेत ते आणखी जवळ येतात.

गरबा, जत्रा, खाणं

नवरात्रात बडोद्यात काय होतं ते सांगायला नको. मनगटावरचे पट्टे दिवसाप्रमाणे रंगीत, पार्किंगचे स्टिकर रंगीत, झोन रंगीत, आणि गेटवरचा पोरगा ओरडतोय, हिरवा पट्टा इकडे, केशरी तिकडे. रात्रीच्या सोडियम दिव्यांत तर चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही कळत नाही. पट्ट्यावर वाराचं नाव आणि झोनचा आकडा ठळक छापा, गेटवर तोच आकडा माणसाएवढा लावा, आणि पोराला सांगा की रंगासोबत आकडाही ओरड. चपला ठेवायच्या स्टँडवरचं टोकन असो की देवळाच्या लॉकरची चावी, तेच.

हरवलेल्या मुलाची अनाउन्समेंट. हिरवा शर्ट, तपकिरी पँट, वय पाच. ऐकणाऱ्यांत कलर ब्लाइंड माणसं आहेत, कदाचित मुलाचे वडीलच आहेत आणि ते शर्टचा रंग चुकीचा सांगतायत. अनाउन्समेंटवाल्याने विचारायचं, शर्टावर काय आहे, चौकडी की चित्र, बाह्या अर्ध्या की पूर्ण, पायात सँडल की बूट, केस कसे. हे चार प्रश्न कागदावर लिहून माइकशेजारी चिकटवून ठेवा.

खाण्याच्या स्टॉलवर शाकाहार-मांसाहाराची खूण बघा. आधी दोन्हीकडे गोलच असायचा, एक हिरवा आणि एक तपकिरी, म्हणजे नेमकी यांना न ओळखता येणारी जोडी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नव्या लेबलिंग नियमांत मांसाहारासाठी चौकोनात तपकिरी त्रिकोण आला, शाकाहाराला हिरवा गोल राहिला, आता आकारावरून कळतं. तुमच्या मेनूबोर्डावर अजून दोन्ही गोल असतील तर बदलून घ्या. आणि सेव-उसळीच्या गाडीवरच्या चटणीच्या बाटल्या, एक लाल लसणाची आणि एक हिरवी, माझा भाऊ झाकण उघडून वास घेतो तेव्हा त्याला कळतं. बाटलीवर लसूण आणि कोथिंबीर असं मार्करने लिहायला किती वेळ लागतो?

पैसे कुठे घालवू नका

रंग दाखवणारे चष्मे घेऊन ठेवायचे अशी कल्पना कुणीतरी मीटिंगमध्ये मांडतंच, कारण त्याचे व्हिडिओ फार फिरतात. हे चष्मे काही जणांना काही रंग वेगळे करायला मदत करतात, काही जणांना अजिबात नाही, आणि नॉर्मल दिसायला लागतं असं कुणालाही होत नाही. देणगीतून आले तर काउंटरवर ठेवा, मागेल त्याला द्या. पण बोर्ड, नकाशा आणि पास नीट झाल्याशिवाय त्यावर स्वतःचा खर्च करू नका, चष्मा एका माणसाच्या नाकावर असतो आणि बोर्ड सगळ्यांसाठी.

आपल्याकडे याचा विचार मागे पडायला कारण आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिलेत, त्यात रंगांधळेपणा नाही, त्यामुळे सोयींची तपासणी होते तेव्हा यादीत हा रकानाच नसतो. नोकरी, शिक्षण, लायसन्स यांत मात्र हे लोक वर्षानुवर्षं अडत आलेत. आता हळूहळू हलतंय, २०२० मध्ये सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना ड्रायव्हिंग लायसन्स मिळायची वाट मोकळी झाली, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटला सांगितलं की अशा विद्यार्थ्यांना कोर्सपासून दूर ठेवू नका. म्हणजे जो सिनेमा एडिट करू शकतो त्याला तुमच्या बागेत टॉयलेटचा बोर्ड दिसत नाही अशी वेळ आणू नका.

शेवटची तपासणी कलर ब्लाइंड माणसाकडूनच करून घ्या. शोधायला लांब जावं लागत नाही, स्टाफमध्ये विचारलं तरी कुणाचा तरी भाऊ, मामा, भाचा निघतो. त्याला गेटवर सोडा, हातात नकाशा द्या, सोबत चाला पण काही सांगू नका, तो कुठे थांबतो ते लिहून घ्या. त्याच्या वेळेचे पैसे द्या, चहावर भागवू नका. आणि बडोद्याच्या उन्हात लाल रंग सगळ्यात आधी उडतो, म्हणून ही फेरी एकदा करून सोडू नका, दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी करा.

पेंटर किंवा फ्लेक्सवाल्याला काम देताना तोंडी सांगू नका, ऑर्डरवर लिहून द्या. मी हे असं लिहून देते, हवं तर उचला: प्रत्येक रंगासोबत अक्षर, आकडा किंवा चित्र असावं. लाल-हिरवं, लाल-काळं, हिरवं-तपकिरी एकमेकांवर नको. धोक्याचा मजकूर पिवळ्यावर काळा किंवा गडद निळ्यावर पांढरा, सोबत चित्र. छापण्याआधी नमुन्याची काळी-पांढरी झेरॉक्स दाखवावी, तिच्यावर सगळं वाचता आलं तरच मंजुरी, नाहीतर बोर्ड परत आणि पेमेंट नंतर.